संबंध नाही

मी लिहिलेल्या आमच्या वंशावळीच्या पुस्तकाचं एकशे चाळिसावं पान मशीनमधून बाहेर पडत होतं तेव्हा खिशातल्या फोनवर भक्तीचा व्हिडिओ आला. मी तो बघणार नव्हतो. भक्ती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुशांतची मुलगी. ठाण्यात असते आणि घरच्या ग्रुपवर दिवसाला दहा गोष्टी टाकते, त्यांतल्या नऊ खाण्याच्या असतात. पण बाबूच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला एकच स्टूल, कागद अडकला म्हणून बाबू मशीनच्या पोटात हात घालून उभा, समोर भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने. दुसरं करायचं तरी काय? म्हणून बघितला. तोंडवलीला आमच्या अक्काच्या घरासमोरचं खळं, अक्का पाटावर बसून सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलतेय. अक्का म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण, वय सत्त्याऐंशी, हे वय मी तपासलेलं आहे. भक्ती सुट्टीला गेली असणार, समुद्र बघायला. तिचा फक्त आवाज येत होता. "अक्का, भाईकाकांच्या आईचं काहीतरी सांग ना." अक्का मान वर न करता म्हणाली, "भाईच्या आवशीचा? खंयच्या आवशीचा गो? पयल्या तुळसाचा की दुसऱ्या तुळसाचा?" भक्ती हसली. "दोन होत्या?" "दोन म्हणजे भैनीच त्यो. पयली बाळंतपणात गेली. मगे जयरामान धाकटेक केल्यान. नाव ताच ठेवल्यान." तेवढ्यात एक मांजर सुंगटांपाशी आलं आणि व्हिडिओ मांजराकडे वळला. पुढचं दीड मिनिट नुसतं मांजर.

जयराम माझे वडील. तुळसा माझी आई. भाई म्हणजे मी. मी व्हिडिओ परत लावला, मग परत. चौथ्यांदा लावला तेव्हा बाबूने मशीनचं झाकण आपटून बंद केलं आणि विचारलं, "भाईनू, पुढची पानां काढू ना?" मी म्हटलं, थांब. "अवो तीस प्रती करूच्या हत, जेवच्या आधी आटपूया." थांब म्हणतो ना, असं मी त्याच्यावर खेकसलो. बाबू मला ओळखतो, सबंध सावंतवाडी मला ओळखते, तलावाच्या कडेने सकाळी जाणारा आणि लोकांच्या दुकानांच्या पाट्यांवरची सालं चुकीची आहेत म्हणून सांगणारा म्हातारा. मी निघालेली पानं तशीच पिशवीत भरली आणि चालू पडलो. घरी येईपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं. फक्त चीड येत होती, आणि ती अक्काची नव्हे, भक्तीची. पंधरा मिनिटं खळ्यात बसली आणि घेऊन गेली. तिला कळलंसुद्धा नाही काय घेऊन गेली ते.

कारण मी अकरा वर्षं घालवली होती. नोकरी सरकारी, तीसएक वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. धुळीने दमा झाला, पण कागद कसा वाचायचा ते कळलं. माणूस सांगतो ते ऐकायचं असतं आणि कागद सांगतो ते लिहायचं असतं, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला बजावलं. निवृत्त झालो त्या महिन्यात मोडीचा वर्ग लावला. मग देवळाच्या वह्या, शाळांचे दाखले, सात-बारा, फेरफार, मतदारयाद्या, त्र्यंबकेश्वरच्या भटजींच्या बाडांतली आमच्या घराण्याची पानं. एकेका नावाला निदान दोन पुरावे, नाहीतर नाव पेन्सिलीत. आमच्या मालंडकरांच्या आठ पिढ्या मी अशा शाईत आणल्या. आणि इकडे भक्तीने फोनवरच्या कसल्याशा अ‍ॅपमध्ये एका संध्याकाळी आमचं झाड काढलं होतं, गुलाबी आणि निळ्या चौकटी, पणजोबांच्या खाली 'अंदाजे अठराशे काहीतरी'. काहीतरी म्हणे. मी तिला ग्रुपवर, सगळ्यांसमोर, लिहिलं होतं की ज्याला तारीख ठाऊक नाही त्याने माणसाचं नाव घेऊ नये. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुशांतने काहीच पाठवलं नाही. त्यानंतर ग्रुपवर माझ्याशी कुणी फारसं बोलत नसे, म्हणजे वाढदिवसाला बोलत. मला वाटायचं, पुस्तक हातात पडेल तेव्हा बोलतील.

अक्काला मी विचारलं नव्हतं असं नाही. सुरुवातीलाच, बेचाळीस प्रश्न टाइप करून तोंडवलीला गेलो होतो. तिसऱ्या प्रश्नाला, तुमच्या आजोबांचा मृत्यू कोणत्या साली, तिने मला एका सुरमईची गोष्ट सांगायला घेतली. आजोबांच्या मचव्यावर कुणी ती पकडली, कुणी कुणाला फसवलं, कुणाची बायको रुसून माहेरी गेली. मी पंधरा मिनिटं ऐकलं. मग वही मिटली. त्या वहीत अक्काच्या नावासमोर माझ्या अक्षरात आहे: 'माहिती अविश्वसनीय, साल सांगता येत नाही.' खाली सही आणि तारीख. घरी येऊन मी आधी ती वही काढली आणि स्वतःचंच अक्षर वाचत बसलो. मग लक्षात आलं की मी ही वही शोधतच नव्हतो. मी शोधत होतो सात नंबरची फाइल, आणि तिच्याकडे हात जात नव्हता.

सात नंबरच्या फाइलमध्ये मृत्यूच्या नोंदींच्या नकला आहेत. पान एकोणतीस. 'तुळसा जयराम मालंडकर, स्त्री, वय २२, बाळंतरोग, १४ सप्टेंबर १९५६.' माझा जन्म त्याच सालचा, एकवीस ऑगस्टचा. ही नोंद मला दोन हजार पंधरा साली मिळाली होती. ती मी उतरून घेतली, घरी आलो, आणि त्या वेळी माझी आई स्वयंपाकघरात माशाचं तिखलं करत होती. मला आजही तो वास आठवतो, तिरफळांचा. जिवंत माणूस पलीकडे पातेलं हलवतोय आणि कागद म्हणतो, मेला. मग मी काय करायचं होतं? भावकीत जयराम नावाचा आणखी एक इसम होता, मुंबईला गेलेला, त्याच्याबद्दल फारशी माहिती नव्हती. मी ती बाई त्याला देऊन टाकली. लाल शाईत लिहिलं, 'दुसऱ्या जयरामची पत्नी. आपल्या शाखेशी संबंध नाही.' संबंध नाही या दोन शब्दांखाली रेघसुद्धा ओढलेली आहे. पट्टीने. मी ते पान बघत राहिलो. मला रडू आलं नाही. ज्या बाईचं तोंड ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही, तिच्यासाठी एकोणसत्तराव्या वर्षी रडणार कसं? पण लाज वाटली. अंगावरचा सदरा काढून ठेवावा इतकी लाज वाटली.

दुपारी सुशांतला फोन केला. आम्ही एरवी गणपतीला आणि पाडव्याला बोलतो. मी एकदम विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, "भाई, म्हणजे तुका ठाऊक नव्हता?" सुशांत ठाण्यात राहून शुद्ध बोलतो, घाबरला की मालवणीत येतो. मी म्हटलं, नाही. "अरे, आमच्या सगळ्यांक ठाऊक आसा. माका बाबांनीच सांगितलेला, लग्नाच्या वेळी. भक्तीच्या आवशीकय ठाऊक आसा. फक्त भक्तीक कोणी सांगूक नव्हता, पोरांक कित्याक सांगा." आणि मला? "तुझ्याकडे कोण सांगतला रे? आईन पयल्यापासून बजावलेला, भाईकडे विषय काढूचो नाय. आणि मगे तू हे काम घेतलंस. आम्ही म्हटला, आता तुका आमच्यापेक्षा जास्त म्हायत असतला. तू बोलणस नाय म्हणजे तुका ता बोलूचा नाय." मी फोन ठेवला. पलंगावर बसलो. खाली रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं चालली होती. इतकी वर्षं ते सगळे एका खोलीत बसून बोलत होते आणि मी दाराबाहेर उभा राहून त्या खोलीचा नकाशा काढत होतो. वंशावळीत माझ्या स्वतःच्या नावाखाली रेघ नाही. लग्न केलं नाही, बघितलेल्या मुलींच्या पत्रिकांतल्या जन्मवेळा तपासता तपासता ते राहूनच गेलं. वर आई होती, एवढं एक पक्कं होतं. तेही आता पेन्सिलीत.

आईशी माझं वयावरून भांडण होतं. हसण्यासारखं आहे, पण होतं. बाबांच्या एका जुन्या पत्रावरून मी त्यांचं लग्न त्रेपन्न सालचं धरलं होतं आणि लग्नात वधू एकोणीस वर्षांची, म्हणजे जन्म चौतीसचा. मतदारयादीत मात्र आई पाच वर्षांनी लहान. मी कारकुनाला शिव्या घातल्या आणि यादीची नक्कल दुरुस्त केली. आई म्हणायची, "मी काय येवढी म्हातारी नाय रे. माझा लगीन अठराव्यात झाला." मी म्हणायचो, आई, एकोणिसाव्यात, पत्र आहे. ती म्हणायची, "असात बाबा. तू म्हणतस तर असात." आणि भाकरी थापायला लागायची. ती दोन हजार सतरात गेली तेव्हा मी नगरपालिकेच्या खिडकीवर अर्धा तास भांडून तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर अठ्ठ्याहत्तरच्या जागी त्र्याऐंशी करून घेतलं. तिला मी तिच्या बहिणीचं वय देऊन टाकलं. म्हणजे एका आईला परक्याची बायको केलं आणि दुसरीला पाच वर्षांनी म्हातारी केलं. दोघींपैकी एकीलाही मी तिच्या जागी ठेवलं नाही. आणि आजोळी, आरोंद्याला, मामा मला सांगत होते की आम्ही तिघं भावंडं, थोरली सुगंधा लवकर गेली, मग मी, मग तुझी आवस, आवडी. लवकर म्हणजे केव्हा, मी विचारलं. मामा म्हणाले, "लवकर रे, लवकरच." मी लिहिलं, सुगंधा, बालपणी मृत, अविवाहित. मामा तेव्हा माझ्याकडे काहीतरी वेगळंच बघत होते. आता ते बघणं आठवतं. ते वाट बघत होते की मी पुढचा प्रश्न विचारीन.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मालवणला गेलो आणि तिथून रिक्षा करून तोंडवलीला. सुरूच्या बनातून रस्ता जातो तिथे आता न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या आहेत. अक्काच्या घरावरही आहे, तिच्या मुलाने दोन खोल्या काढल्यात. भक्ती आदल्या दिवशीच परत गेली होती. अक्का मागल्या पडवीत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. "इलस? बस. वही काढू नको हां पिशवीतसून." मी म्हटलं, वही आणलेली नाही. खरं तर आणली होती. पिशवी पायाशी ठेवली आणि पायाने मागे सारली. तिने सुनेला हाक मारून घावणे सांगितले. मला काय विचारायचं ते मी एसटीत दोन तास जुळवत होतो, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "अक्का, ती दिसायला कशी होती?"

"सुगंधा? उंच होती. तुझी उंची तिचीच. हसाक लागली काय थांबत नसा. माडाची चुडतां आणूक गेली तरी हसत येय." अक्काने पदराने डोळ्याचा कोपरा पुसला, रडली म्हणून नाही, तिचा तो डोळा पाझरतो. "गौरी गेल्या, तेच्या दुसऱ्या दिसा गेली. ताप चढलो तो उतराकच नाय. तू थय कोपऱ्यात सुपात. दूध कोणाचा घालूचा, काय करूचा. आवडी इली आरोंद्यासून, सतरा वर्सांचा चेडू ता, तुका उचललान ते खाली ठेवूकच नाय. वर्सान तिचा नि जयरामाचा लगीन लावला." आणि नाव? मी विचारलं. बाबांना तेच नाव का ठेवावंसं वाटलं? मला त्या क्षणी बाबांचा राग येत होता. एक बाई मेली, तिचं नाव पुसून दुसरीवर चढवलं, भांडं बदललं तसं. अक्का माझ्याकडे बघत राहिली. "जयरामान? जयरामाक ता नको होता. तो रडलो त्या दिसा. आवडीनच सांगलान. ताटातल्या तांदळात नाव लिवच्या वक्ताक तिणा तेका सांगलान, अंगठीन ताच लिवा. म्हणाली, उद्या झिल शाळेत जातलो, थय आवशीचा नाव विचारतले. एक नाव जल्माच्या कागदार, एक घरात, मगे तो विचारतलो ही कोण नि ती कोण. तेका दोन नावां नकोत. कागदार एकच आवस व्हयी."

घावणे आले, नारळाच्या रसासकट. अक्काने माझ्यापुढे ताट सरकवलं. मी एक तुकडा मोडला आणि हातातच धरून बसलो. अठरा वर्षांच्या मुलीने लग्नात स्वतःचं नाव टाकून बहिणीचं घेतलं, आणि ते एका रांगत्या पोराने पुढे कधी कागद बघितलाच तर त्यात त्याला काही खुपू नये म्हणून. तिने कागद बरोबर जुळवून ठेवला. इतका बरोबर, की साठ वर्षांनी त्यावर भिंग धरून बसलेल्या माणसालाही तो फसवून गेला. मला तिची कडाडून आठवण आली. मी म्हटलं, मग कधीतरी सांगायचं मला. मी काय लहान होतो? साठीला आलो होतो मी.

"सांगूचाच होता तिका," अक्का म्हणाली. "इलली ना हयसर. जावच्या आधल्या वर्साक. येकटी इली, दोन गाड्ये बदलून, कमरेत वाकलली. माका म्हणता, अक्का, भाईक सांगूचा हा. तो रात नि दीस पुर्वजांचा लिवता, आणि आपल्या आवशीचा तेका म्हायत नाय, ह्या बरा नाय. मी म्हटलंय, मगे सांग. तर म्हणता, सांगूक गेलय मी. पण तो म्हणता, तारीख म्हायत आसा तर सांग, नायतर मधी बोला नको. माका तारीख दी." अक्का माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, खा. मग म्हणाली, "माका तरी खंयची तारीख? गौरी गेल्या तेच्या दुसऱ्या दिसा, येवढाच. मगे आमच्या शेजाऱ्यान जुना पंचांग काढल्यान, बघल्यान नि सांगल्यान, सप्टेंबराची चौदा, सन छप्पन. ताच ती तोंडात घोळवीत गेली. गाडीर चढतानाय म्हणत होती. चौदा सप्टेंबर, छप्पन. विसराक नको म्हणान."

मी अक्काला विचारलं नाही की पुढे काय झालं. पुढचं अक्काला ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं, आणि ते मला पडवीत बसल्या बसल्या आठवलं, इतकं लख्ख की दाराच्या चौकटीवरचा तिचा हातसुद्धा दिसला. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. मी टेबलावर होतो, एका मोडी फेरफारातलं अक्षर लागत नव्हतं म्हणून वैतागलेला. ती दिवसभर कुठे गेली होती हे मी विचारलं नव्हतं. देवळात गेली असेल असं धरून चाललो होतो. ती दारात आली. पायातल्या चपला अजून तशाच, लुगड्याला रस्त्याची धूळ. "भाई," ती म्हणाली, "तारीख गावली रे." मला वाटलं गॅसची, नाहीतर डॉक्टरची. मी भिंग खाली ठेवलं नाही. म्हटलं, "बरं. तिथे कागद आहे बघ, त्यावर लिहून ठेव. मी नंतर बघतो."

टेबलाच्या कडेला पेन होतं, त्याच्याकडे तिने बघितलं. मग म्हणाली, "बरा," आणि चपला काढायला बाहेर गेली. आईला लिहायला येत नव्हतं.